उमरीची बंदूक आणि आत्मरक्षणाचा हक्क

३० जानेवारी १९४८ या दिवशीं दिल्लींत महात्मा गांधींची हत्या झाली. त्याच दिवशीं नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें स्वातंत्र्यसैनिकांच्या सशस्त्र तुकडीनें हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेंतून लाखों रुपये नेले. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याला द्रव्य हवें होतें. इतिहासानें या कृत्यास मुक्तिसंग्रामांत मानाचें स्थान दिलें; परंतु दंडसंहितेच्या भाषेंत त्यास आत्मरक्षण म्हणतां येत नाहीं. तेथें बँकेचा पहारेकरी रक्षक, आणि चालून येणारा हल्लेखोर.

त्याच मुलखांत याच्या उलट प्रश्नही दारोदार उभा होता. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनीं गांवावर धाड घातली आणि गांवकऱ्यानें बंदूक चालविली, तर तो गुन्हेगार ठरावा काय?

१८६० च्या हिंदी दंडसंहितेनें याचें उत्तर ९६ ते १०६ या कलमांत दिलें होतें. हैदराबादेंत ती संहिता १९५१ मध्यें लागू झाली. प्राणाचें वाजवी भय असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोंचतो. मात्र सरकारी मदत मिळण्यास अवसर असेल तर तो नाहीं, आणि जरुरीपेक्षां अधिक इजा करण्यासही तो मुभा देत नाहीं. भय उत्पन्न होतांच हा हक्क सुरू होतो. भय सरलें, कीं तोही सरतो. पळणाऱ्याच्या पाठींत घातलेली गोळी हा सूड होय. मारूं पाहणाऱ्या जमावावर गोळी झाडल्यावांचून जीव वांचत नसेल, तर त्यांत मिसळलेल्या मुलांना धोका पोंचला तरी तो गुन्हा नव्हे, असें उदाहरण खुद्द संहितेनेंच दिलें होतें.

तरीहि आत्मरक्षण झालें हें दाखविण्याचा भार आरोपीवरच असतो. शिवाय गोळी क्षम्य ठरली, तरी बिनपरवाना बंदूक बाळगल्याचा गुन्हा त्यामुळें पुसला जात नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही कलमें ३४ ते ४४ यांमध्यें हीच तत्त्वें कायम आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी सत्ता संपली. पुढें रझवींवर रीतसर खटला चालून बीबीनगरच्या दरोड्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. ज्याच्या भयानें गांवांनीं शस्त्रें धरलीं, त्याचा निवाडाही न्यायालयांतच झाला. राज्याचें रक्षण पोंचत नाहीं तेवढ्याच क्षणापुरती कायदा नागरिकाच्या हातीं बंदूक देतो. तो क्षण सरल्यावर तिचा जाब न्यायालयांत द्यावाच लागतो.