भिंतीपलीकडचा गोल

नोनाच्या घराची मागची भिंत आणि रुआ झावारीचं मैदान यांच्यामध्ये एक बोळ होता आणि एक लिंबाचं झाड. साओ पाउलोच्या मोओका भागात मी दोन वर्षं तिच्या माडीवर भाड्यानं राहिले. नोना म्हणजे इटालियन भाषेत आजी. सगळी गल्ली तिला तसंच हाक मारायची, मीही मारू लागले. रविवारी सकाळपासून शेगडीवर टोमॅटोचा रस्सा मंद रटरटत असे आणि जेवणं उरकेपर्यंत भिंतीपलीकडे ढोल वाजू लागत. "आज आपलं पोर खेळतंय," असं म्हणून ती खिडकी उघडायची.

पोर म्हणजे क्लब, झुवेंतुस. लिहायचं तुरिनच्या प्रसिद्ध युव्हेंटससारखंच, पण मोओकात त्याचं झुवेंतुस होतं. क्रेस्पी सूतगिरणीच्या कामगारांनी २० एप्रिल १९२४ रोजी तो उभा केला तेव्हा त्याला नावही गिरणीचंच होतं. १९३० साली नाव तुरिनहून आलं, गिरणीमालक रोदोल्फो क्रेस्पींच्या आवडीचं. रंग मात्र त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, तोरिनोचा, गडद डाळिंबी. त्याच वर्षी या नवख्या संघानं बलाढ्य कोरिंथियन्सला २-१ नं हरवलं आणि तोमाझ माझ्झोनी या पत्रकारानं त्याला 'मोलेकी त्रावेसो' म्हटलं, व्रात्य पोर. ते नाव आजतागायत पुसलं गेलेलं नाही. नोनाच्या तोंडी तर दुसरं नावच नसे.

पण तिची गोष्ट कधी क्लबपासून सुरू व्हायची नाही. ती सुरू व्हायची तिच्या नोनापासून. ती म्हातारी इटलीहून बोटीनं आली, बंदरावरून आगगाडीनं थेट स्थलांतरितांच्या धर्मशाळेत उतरली आणि तिथून चालत क्रेस्पींच्या गिरणीत गेली. ती धर्मशाळा आज संग्रहालय आहे. मी तिथल्या लांबच लांब दालनातून हिंडले, तेव्हा मला आमच्या आजोबांची ट्रंक आठवली. कोकणातून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरून लालबागला आले तेव्हा त्यांच्या हातात तेवढंच होतं.

१९१७ च्या जून महिन्यात याच क्रेस्पी गिरणीतल्या कामगारांनी पगारवाढ मागत काम थांबवलं. त्यांत बायका आणि लहान मुलं पुष्कळ होती. ९ जुलैला पोलिसांच्या गोळीनं होझे मार्तिनेस नावाचा तरुण चांभार पडला आणि त्याच्या अंत्ययात्रेला अर्धं शहर लोटलं, असं नोनाच्या घरात सांगत आले आहेत. त्यानंतर सगळं साओ पाउलो बंद पडलं. शेवटी मालकांना पगार २० टक्क्यांनी वाढवावे लागले. "माझी नोना त्या यात्रेत होती, पोटुशी," ती सांगायची. पोटात कोण होतं ते सांगायची गरज नसे. भिंतीवर वडिलांचा फोटो होताच.

हे वडील पुढे त्याच गिरणीत मागावर लागले. क्लब जेमतेम अडीच महिन्यांचा असताना, जुलै १९२४ मध्ये, लष्करातल्या बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं आणि सरकारनं तोफा डागल्या त्या नेमक्या कामगार वस्त्यांवर. मोओका, ब्रास, घरं, गोदामं, काही सुटलं नाही. क्रेस्पींच्या गिरणीवरही गोळे पडले. वडील तेव्हा सात वर्षांचे, पलंगाखाली लपलेले. बंड निवळल्यावर बाहेर आले तर गल्लीतली मोठी मुलं विटांच्या ढिगाऱ्यात चिंध्यांचा चेंडू खेळत होती. नोना हे सांगताना दर वेळी थांबायची आणि रस्सा ढवळून घ्यायची.

मैदानावर भेटणारे म्हातारे मात्र एकाच दिवसाबद्दल बोलत. २ ऑगस्ट १९५९, रविवार. पाहुणा संघ सांतोस, आणि त्यांच्यात आदल्या वर्षी विश्वचषक जिंकून आलेला अठरा वर्षांचा पेले. बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू उडवायचा आणि पलीकडे जाऊन तोच घ्यायचा, याला ब्राझीलमध्ये 'शापेऊ' म्हणतात, म्हणजे टोपी. मराठीतही टोपी घालतात, फक्त ती चेंडूनं नव्हे, हे मी नोनाला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. त्या दिवशी पेलेनं एकामागून एक टोप्या घातल्या, शेवटची गोलरक्षकाला, आणि चेंडू खाली पडू न देता डोक्यानं जाळ्यात सारला. सांतोस ४-० नं जिंकलं. आपला सर्वांत सुंदर गोल तोच, असं पेले जन्मभर म्हणत राहिले. त्याचं चित्रीकरण नाही. २००४ च्या 'पेले एतेर्नो' या चित्रपटासाठी तो पाहणाऱ्यांच्या आठवणींवरून संगणकावर पुन्हा घडवावा लागला.

मैदानात चारेक हजार माणसं मावतात. मला भेटलेला मोओकाचा प्रत्येक म्हातारा मात्र त्या दिवशी तिथे होता. मला त्यात खोटं काही वाटत नाही. वडिलांकडून इतक्यांदा ऐकलेली गोष्ट आपण पाहिलेली नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

नोना तिथे नव्हती. ती लिंबाखाली दुपटी वाळत घालत होती. "आधी आपले लोक त्याची हुर्यो उडवत होते," ती म्हणाली. "मग एकदम सगळं गप्प झालं. चार श्वास जावेत इतकं. मला वाटलं, कुणी मेलं की काय. आणि मग आमचेच लोक ओरडले, पोरी. आपल्याला गोल झाला म्हणून ओरडले! असा आवाज मी त्या भिंतीतून पुन्हा ऐकला नाही."

१९८३ साली देशाच्या दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळालं, मासेयोच्या सीएसए संघाला हरवून. तेव्हा गल्लीत रात्रभर नाच चालला, पण नोना त्याबद्दल फारसं बोलत नसे. ती बोलायची १९६३ बद्दल, गिरणी बंद झाली त्याबद्दल. पहाटेचा भोंगा वाजला नाही तरी ती कितीतरी महिने त्याच वेळी जागी व्हायची. मी तिला लालबागच्या आजीची गोष्ट सांगितली. भोंग्याच्या नुसत्या आवाजावरून कुठल्या गिरणीची पाळी सुटली ते आजी ओळखायची, आणि १९८२ च्या संपानंतर ती संध्याकाळी उगाच गॅलरीत येऊन उभी राहायची. नोनानं माझा हात धरून ठेवला. क्रेस्पींच्या त्या विटांच्या इमारतीत नंतर सुपरमार्केट आलं. आम्ही दोघी तिथूनच कांदे आणायचो.

निघायच्या आधीच्या रविवारी मी शेवटचा सामना पाहून आले. मध्यंतरात मैदानावर कान्नोली विकतात, गोड साय भरलेल्या कुरकुरीत नळ्या. त्यातली एक कागदात गुंडाळून आणली होती. नोना खिडकीशी बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "दोन झाले. दुसरा पेनल्टीचा."

कागद उघडून तिनं कान्नोलीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे सरकवला.