झेरॉक्स ९१४ : देखभालीच्या जोरावर उभे राहिलेले यंत्र

१/ कार्यालयाच्या कोपऱ्यातील झेरॉक्सचे यंत्र बंद पडले की त्याचे झाकण उघडणाऱ्या माणसाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. या यंत्राचा इतिहास मात्र त्या माणसाला वगळून सांगताच येत नाही.

२/ २२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि ओटो कोर्नेई यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला. त्यावर अक्षरे लिहिलेली काच ठेवून प्रकाश टाकला आणि बारीक भुकटी शिंपडली. ‘१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया’ ही अक्षरे उमटली. जगातील पहिली कोरडी प्रत ती हीच.

३/ अनेक कंपन्यांनी नकार दिल्यानंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने १९४७ मध्ये हे तंत्र स्वीकारले. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ बाजारात आले. वजन सुमारे २९४ किलो, वेग मिनिटाला सात प्रती.

४/ यंत्राचा प्राण म्हणजे सेलेनियमचा लेप दिलेला ड्रम. प्रकाश पडेल तिथला विद्युत्भार नाहीसा होतो. उरलेल्या भागाला टोनरची काळी पूड चिकटते, कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते.

५/ परंतु सगळी पूड कागदावर उतरत नाही. मागे राहिलेले कण पुसले नाहीत, तर पुढच्या प्रतीवर आधीच्या कागदाची सावली उमटते. सेलेनियम तर इतके नाजूक की खरखरीत वस्तूने पुसले तर ओरखडे पडावेत. म्हणून अभियंत्यांनी ड्रम झाडण्यासाठी सशाच्या मऊ केसांचा फिरता ब्रश बसवला.

६/ दुसरे संकट उष्णतेचे. तापलेल्या भागात कागद अडकला की तो करपे, क्वचित पेटेही. त्यामुळे यंत्रासोबत एक छोटे अग्निशामक दिले जाई. त्याला कंपनीने नाव दिले होते ‘करप-निवारक’!

७/ आता व्यवहार पाहा. यंत्र विकण्याऐवजी प्रामुख्याने भाड्याने दिले जाई : महिना ९५ डॉलर, पहिल्या २,००० प्रती त्यातच, पुढे प्रत्येक प्रतीला ४ सेंट. म्हणजे यंत्र बंद, तर कंपनीची कमाईही बंद. साहजिकच दुरुस्ती हा धंद्याचाच कणा ठरला. कंपनीने तंत्रज्ञांची मोठी फौज उभारली. शिवाय अडकलेला कागद काढण्यासाठी आणि पूड भरण्यासाठी कार्यालयातीलच एखाद्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण दिले जाई.

८/ अशा तंत्रज्ञाला कोणतेही दार उघडे असे. शीतयुद्धाच्या काळात हे हेरगिरीच्याही ध्यानात आले. १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका माजी अभियंत्याच्या कथनानुसार, वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावासातल्या ९१४ मध्ये सीआयएसाठी छोटा कॅमेरा दडवण्यात आला होता. नेहमीच्या देखभालीसाठी येणारा तंत्रज्ञ फिल्म बदलून नेत असे.

९/ ज्या दूतावासात परक्याला पाऊल टाकणे दुरापास्त, तिथे हत्यारांची पेटी घेतलेला माणूस राजरोस आत जात होता. यंत्राची गरज संशयापेक्षा मोठी ठरली होती.

१०/ कालांतराने ‘झेरॉक्स’ हे कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपण ‘झेरॉक्स काढतो’. त्या शब्दामागे कार्लसन यांची प्रतिभा आहे, तशीच ड्रम पुसणाऱ्या असंख्य अनाम हातांची मेहनतही आहे. शोध एकदाच लागतो. तो चालू मात्र रोज ठेवावा लागतो.