तारा नाव ठेवावं का?

आमच्या घरात एका नातीच्या बारशावरून मोठी चर्चा झाली. मुलीचे आईवडील परदेशात. त्यांना असं नाव हवं होतं की तिकडच्या शाळेत उच्चारताना त्याची मोडतोड होऊ नये आणि इकडच्या आजीलाही हाक मारता यावी. त्यांनी 'तारा' ठरवलं. लगेच आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांचा निरोप आला. पुराणातल्या तारा सगळ्या दुर्दैवी, एकीचे दोन नवरे झाले, दुसरीला चंद्राने पळवून नेलं, तिसरीला भर बाजारात विकलं, तेव्हा दुसरं काहीतरी शोधा! मी जन्मभर मराठी शिकवलं. त्यामुळे 'तुम्हीच काय ते सांगा' म्हणून काम माझ्याकडे आलं. फोनवर एवढं सगळं सांगणं जमेना, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी शब्द बघू. तारा म्हणजे चांदणी, हे सर्वांना ठाऊक आहे. ऋग्वेदात चांदण्यांसाठी 'स्तृ' असा शब्द येतो. फारसीतला 'सितारा' आणि इंग्रजीतला 'स्टार' ही त्याचीच भावंडं. आपल्या 'तारा'तला आरंभीचा 'स' गळून गेला, त्यामुळे नातं पटकन ओळखू येत नाही इतकंच. पण संस्कृतात 'तॄ' असा आणखी एक धातू आहे, तरून जाणे या अर्थाचा. त्यावरून तारा म्हणजे तारून नेणारी, पैलतीरी पोचवणारी. शिवाय डोळ्यातल्या बाहुलीलाही संस्कृतात तारा म्हणतात. म्हणजे एकाच दोन अक्षरी नावात आकाश, नदी आणि डोळा!

गंमत अशी, की संस्कृतात तारा स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत आपण 'तो तारा' म्हणतो. व्याकरणाच्या तासाला मुलं हमखास विचारायची, 'बाई, तारा पुल्लिंगी, मग मुलीचं नाव कसं?' पंजाबात तर ते पुरुषांचंही नाव आहे. मास्टर तारासिंग आठवत असतील. आणि आपल्याकडे अकलेचे तोडतात तेही तारेच.

आता त्या आक्षेपाकडे वळते. वालीची बायको तारा ही वाल्मीकींच्या किष्किंधेतली सर्वांत शहाणी व्यक्ती आहे असं माझं मत आहे. मार खाऊन पळालेला सुग्रीव लगेच परत येऊन आव्हान देतो, तेव्हा ती वालीला अडवते. इतक्या लवकर आला म्हणजे त्याच्या पाठीशी कोणीतरी आहे, हे ती ओळखते. रामलक्ष्मणांची बातमीही अंगदाकडून तिला कळलेली असते. वाली ऐकत नाही आणि मरतो. मरताना मात्र तो सुग्रीवाला सांगतो, की हिचा सल्ला नि:शंक मानत जा. पुढे लक्ष्मण संतापून किष्किंधेत येतो, तेव्हा मद्याच्या धुंदीतला सुग्रीव स्वतः पुढे न येता तिलाच पाठवतो, आणि तीच त्याचा राग शांत करते. दोन नवरे झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की सकाळी उठल्यावर ज्या पाच जणींचं स्मरण करायला आपल्याला शिकवलं, त्यांत ही तारा आहे.

बृहस्पतीची तारा मात्र मला नेहमी अस्वस्थ करते. चंद्राने तिला नेलं, तिच्यासाठी देवदानवांचं युद्ध झालं, ब्रह्मदेवाने मध्ये पडून तिला परत आणलं. मूल झालं ते इतकं तेजस्वी, की दोघेही म्हणू लागले, माझं. या सगळ्या गदारोळात तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एकच, मूल कोणाचं? ती म्हणाली, चंद्राचं. तो बुध, आणि त्याच्यापासून चंद्रवंश, म्हणजे पुढे कौरव-पांडव. तारा अपशकुनी धरायची तर महाभारतच घरात ठेवता येणार नाही!

हरिश्चंद्राच्या तारामतीबद्दल एवढंच सांगते, की मार्कंडेय पुराणात तिचं नाव शैव्या आहे. तारामती हे नाव नंतरच्या कथांतून घरोघरी पोचलं. १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पडद्यावरची आपली पहिली तारा अशी पुरुष निघाली.

बौद्ध परंपरेतल्या तारेची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत, पण आपण कैलास बघून दमून परत येतो. ही तारा आठ महाभयांतून सोडवते. त्यांत सिंह, हत्ती, चोर आहेत, तसंच पाण्यात बुडण्याचं भयही आहे. तिबेटी लोकांनी हे नाव आपल्या भाषेत नेताना दोन अर्थांतला एक निवडला. चांदणीला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. तो न घेता त्यांनी 'डोल्मा' केलं, म्हणजे सोडवणारी. आजही कितीतरी तिबेटी मुलींचं नाव डोल्मा असतं. तारेची एक कथा तारानाथ नावाच्या तिबेटी लामांनी लिहून ठेवली आहे. ती पूर्वी एक राजकन्या होती. भिक्षू तिला म्हणाले, तुझं पुण्य मोठं आहे, पुढच्या जन्मी पुरुष होण्याची प्रार्थना कर. ती म्हणाली, पुरुषाच्या देहाने मोक्ष मागणारे पुष्कळ आहेत, मी संसार रिता होईपर्यंत बाईच्याच देहाने काम करीन. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर वाचायला मिळाली. शाळेत असताना मिळाली असती तर किती मुलींना सांगितली असती!

आणि आपल्या मराठी मुलखातल्या तारा? हंबीरराव मोहित्यांची मुलगी ताराबाई. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ती जेमतेम पंचविशीची. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, तिने राज्य लढतं ठेवलं. ती गोडगोड मात्र नव्हती. शाहू महाराजांशी भांडली, कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. शाहूंच्या मृत्यूनंतर ज्या रामराजाला नातू म्हणून पुढे आणलं, त्यालाच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. १७६१ मध्ये, पानिपताच्याच वर्षी, ती गेली. कोल्हापूरला कावळा नाक्यावर तिचा घोड्यावरचा पुतळा आहे.

दुसरी ताराबाई शिंदे, बुलढाण्याची. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून तिने विचारलं, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? मग पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आपल्याला ती माहीत.

तिसऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३), आम्हा शिक्षकांचं दैवत. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. वारली मुलं गुरं सांभाळायला जातात तर शाळा कुरणात भरवावी, म्हणून कुरणशाळा. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी हे करून दाखवलं.

परदेशात मुलीला कोणी विचारलं तर तिला सांगायला आयर्लंडमधली टेकडीही आहे. तिथल्या प्राचीन राजांचं ते पीठ. मूळ आयरिश नाव वेगळं, त्याचं इंग्रजांच्या तोंडी 'तारा' झालं. 'गॉन विथ द विंड' या १९३६ च्या कादंबरीत नायिकेच्या आयरिश बापाने आपल्या मळ्याला तेच नाव दिलंय. सिनेमा आल्यावर अमेरिकेत मुलींचीही नावं तारा ठेवू लागले. आपल्या तारेशी त्याचा काही संबंध नाही, नुसती अक्षरं जुळली.

राहता राहिली आमच्या घरातली तारा. वडीलधाऱ्यांना तिचा विसर पडलेला दिसतो. माझी थोरली आत्या माहेरची तारा. लग्नात भटजी मंगलाष्टकांत 'ताराबलं चंद्रबलं' म्हणू लागले की मुहूर्त गाठायला सगळ्यांची धावपळ होते, त्यावरून 'तारांबळ' शब्द आला असं सांगतात. आत्याच्या लग्नात ते 'ताराबलं' म्हणून झालं, आणि थोड्याच वेळात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं दुसरंच नाव लिहिलं गेलं. कारण सासरी थोरल्या जाऊबाई तारा होत्या, आणि एका घरात दोन तारा कशा चालतील? नवं नाव तिला साठ वर्षं पुरलं. रेशनकार्डावर, मुलांच्या लग्नपत्रिकांत, सगळीकडे तेच. तिने माझ्या वडिलांना लिहिलेली पत्रं माझ्याकडे आहेत. अक्षर मोठं, ओळी वर चढत जाणाऱ्या, मजकूर बहुतेक पापडकुरडयांचा आणि कोणाला पोस्टाने काय पाठवलं याचा. शेवटच्या पत्रापर्यंत खाली एकच सही आहे : तुझी तारा.