आग विझवायला कोण धावणार? बोईसर-तारापूरची कागदपत्रे

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यातल्या आगींचा इतिहास लिहायचा तर सुरुवात बंबापासून नव्हे, १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यापासून करावी लागते. पंचायतीच्या कामांच्या यादीत ग्रामसंरक्षणाखाली दोन कामे एकमेकांजवळ आहेत: धोकादायक धंद्यांना आळा घालणे आणि आग विझवायला मदत करून जीवित-मालमत्ता वाचवणे. तेव्हा औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) स्थापन व्हायचे होते, तारापूरचा अणुवीज प्रकल्प (१९६९) उभा राहायचा होता. कायदा लिहिणाऱ्यांपुढे कुडाचे घर किंवा भाताची उडवी पेटल्याचे चित्र असावे, असे मला वाटते. अशा आगीला विहीर आणि शेजारी पुरत.

दुसरा कागद १९६८च्या नागरी संरक्षण कायद्याचा. सक्षम आणि स्वेच्छेने सेवा देऊ इच्छिणाऱ्या नागरिकांचे दल उभारण्याची तरतूद त्यात आहे. भर होता शत्रूच्या हल्ल्यावर. आपत्ती त्यात आली २००९च्या दुरुस्तीने. तारापूरचे नाव या व्यवस्थेत किती वरचे, हे मे २०२५मध्ये सगळ्यांना दिसले. ७ मेच्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावासाठीच्या यादीत महाराष्ट्रातून पहिल्या श्रेणीत तीनच नावे होती: मुंबई, उरण आणि तारापूर.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९६च्या रासायनिक अपघात नियमांचा कागद. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरच्या कायद्यांच्या मालिकेतला हा. औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक संकट गट नेमायचा आणि त्यात कोण असावे, याची यादीच दिली आहे. कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख, गटविकास अधिकारी ओघाने आलेच. पुढे मात्र नागरी संरक्षणाचा प्रतिनिधी, घातक रसायने वाहून नेणारे दोघे, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, गावचा सरपंच, दोन डॉक्टर, दोन समाजसेवक. गटाने दरमहा बसायचे, सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम घ्यायची आणि अहवाल जिल्हा संकट गटाला पाठवायचा. म्हणजे कोळवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ या कारखान्यांलगतच्या गावांची माणसे कायद्याने बघ्यांत नव्हे, मदतकर्त्यांत धरली आहेत.

पण ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी कोळवड्यातल्या कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. त्याआधी मार्च २०१८मध्ये याच पट्ट्यात मध्यरात्रीच्या सुमारास झालेल्या स्फोटाने तिघांचा जीव घेतला होता. त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर पोहोचला. अशा ठिकाणी बादली घेऊन धावणे घातक ठरू शकते. काही रसायने पाण्याशी संयोग पावून आणखी भडकतात. आत काय साठवले आहे हे ठाऊक नसलेला स्वयंसेवक स्वतःच बळी जाईल.

म्हणून १९८९च्या घातक रसायन नियमांतली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. धोका कशाचा आणि अपघात झाल्यास काय करावे, काय टाळावे, हे आसपासच्या लोकांना कळवण्याची जबाबदारी तिने कारखानदारावर टाकली आहे. ती माहिती आणि संकट गटाच्या मासिक बैठकांची इतिवृत्ते प्रत्येक ग्रामसभेत मराठीत वाचली गेली पाहिजेत.