"१४ वर्षांनी येईल की बाहेर!" हा आकडा आला कुठून?

खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली की कट्ट्यावर कुणीतरी हे वाक्य टाकतंच. मी इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं, या १४ चा इतिहास एकदा मांडूच.

इंग्रजांच्या काळात जन्मठेप म्हणजे काळं पाणी. १९५५ च्या दुरुस्तीने ते दंडसंहितेतून गेलं आणि आजन्म कारावास आला. पण आजन्म म्हणजे किती? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला गांधीहत्या खटल्यातल्या गोपाळ गोडसेने. तुरुंगात मिळालेली सूट धरून २० वर्षं भरली, आता सोडा, असं त्याचं म्हणणं. १९६१ साली कोर्टाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट देणं सरकारच्या हातात. पुढे १९६४ मध्ये सरकारनेच त्याला सोडलं.

म्हणजे तेव्हा शिक्षा आयुष्यभराची, पण सरकारने मनात आणलं तर सुटका कधीही. ही फट बुजवायला १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सुटका नाही. आपला १४ तो हाच! १९८० मध्ये मारू राम खटल्यात कोर्टानेही तो मान्य केला.

नीट बघा, १४ हा तळ आहे, छप्पर नाही. १४ भरली म्हणजे सुटण्याचा हक्क मिळाला असं नाही, फक्त विचार होऊ शकतो.

त्यानंतर आकडा चढतच गेला. २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून फाशीऐवजी १४ हून जास्त, अगदी मरेपर्यंत विनासूट कैद देता येते. २०१५ मध्ये घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी हे उचलून धरलं. १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव बदललं, १४ तसाच राहिला.

सूट देणार कोण, हेही महत्त्वाचं. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने ११ जणांना सोडलं. खटला मुंबईत चालला, तेव्हा तो अधिकार महाराष्ट्राचा, असं सांगत जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने ती सुटका रद्द केली.

मला वाटतं, वर्षं वाढवत नेण्यापेक्षा सुटकेचा निर्णय कोणत्या कारणाने झाला, हे उघड सांगणं जास्त गरजेचं आहे. मेलेल्याच्या घरच्यांनाही आणि आत बसलेल्यालाही ते कळायला हवं. तुम्हाला काय वाटतं?