वनस्पतीचे नाव आणि नावामागचा पुरावा

१९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे देशाला परिचित झालेले फैजपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांच्या सान्निध्यात वसले आहे. उत्तरेला यावल अभयारण्याचा डोंगराळ मुलूख, तर दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन. पावसाळा सुरू झाला, की या परिसरात भटकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये रानफुलांची छायाचित्रे जमू लागतात. ती मित्रमंडळींत फिरू लागताच पहिला प्रश्न येतो, 'हे कोणते झाड?' उत्तरही काही क्षणांत मिळते. ते कशाच्या आधारे दिले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वनस्पतिशास्त्रात नाव हा निष्कर्ष असतो आणि निष्कर्षाला पुरावा लागतो.

पान एक, झाडे अनेक

दसऱ्याला 'सोने' म्हणून लुटल्या जाणाऱ्या आपट्याचे उदाहरण घेता येईल. आपटा आणि कांचन हे दोन्ही वृक्ष एकाच कुलातील असून दोघांचेही पान टोकाशी दुभंगलेले असते. केवळ पानाच्या छायाचित्रावरून कांचनाला आपटा ठरविले जाते आणि दरवर्षी कांचनाच्या फांद्याही ओरबाडल्या जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. त्याची फुले लहान, फिकट पिवळसर असतात. कांचनाचे फूल मोठे, पांढरे, गुलाबी वा जांभळे असते. फूल पाहिल्यास शंका उरत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने पाठविलेले असते ते फक्त पान.

स्थानिक नावांमुळे गोंधळ आणखी वाढतो. 'शंखपुष्पी' या एका नावाने भारतात किमान चार वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. आयुर्वेदीय औषधकोशाने शंखपुष्पी म्हणून मान्य केलेली वनस्पती कन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीतील आहे. अनेक ठिकाणी निळ्या फुलांच्या विष्णुक्रांतेला, म्हणजे एव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिसला, तेच नाव दिले जाते. दक्षिणेत गोकर्णीला, तर बंगालकडे कॅन्स्कोरा या वनस्पतीला शंखपुष्पी म्हणतात. पहिल्या दोन वनस्पती एकाच कुलातील, जमिनीलगत पसरणाऱ्या आहेत. त्यांच्यातील निर्णायक फरक भिंगाखाली दिसतो. कन्व्हॉल्व्ह्युलसच्या फुलात एकच कुक्षीवृंत असून त्याच्या टोकाला दोन कुक्षी असतात. एव्हॉल्व्ह्युलसमध्ये मुळातच दोन कुक्षीवृंत असतात आणि प्रत्येक पुन्हा दुभंगतो. फुलाचा रंग सांगून हा वाद मिटत नाही.

चुकीच्या नावाची किंमत कधी जिवावर बेतते. पावसाळ्यात कुंपणांवर व जंगलाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वालेसारखी फुलणारी कळलावी हिच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते आणि कंदात ते विशेष असते. फूल नसताना खणून काढलेला कंद खाण्याजोगा समजून खाल्ल्यास प्राण धोक्यात येतात. वेलीवर पाने असतील, तर पानाच्या टोकाचा गुंडाळलेला ताणा ही तिची उत्तम खूण होय. रानभाजी वा रानकंदाबाबत केवळ छायाचित्रावरून 'खायला हरकत नाही' असा सल्ला देणे म्हणूनच बेजबाबदारपणाचे ठरते.

केळीची गुणपत्रिका

काटेकोर ओळख म्हणजे काय, याचा धडा फैजपूरकरांच्या बांधावरच उपलब्ध आहे. लिनियसने १७५३ मध्ये केळीला 'म्युसा पॅराडिसियाका' असे नाव दिले. परंतु लागवडीतील बहुतेक खाद्य केळी म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना या दोन रानजातींपासून किंवा त्यांच्या संकरातून आल्या, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. १९५५ मध्ये नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड या शास्त्रज्ञांनी १५ लक्षणांची एक गुणपद्धती मांडली. खोडावरील डाग, देठाची पन्हळ, केळफुलाच्या सालींचा आकार व रंग, बीजांडांच्या रांगा अशा प्रत्येक लक्षणाला १ ते ५ गुण द्यावयाचे. लक्षण अक्युमिनाटासारखे असल्यास १, बाल्बिसियानासारखे असल्यास ५. एकूण बेरीज १५ च्या जवळ आली तर वाण अक्युमिनाटाचा आणि ७५ च्या जवळ आली तर बाल्बिसियानाचा; मधली बेरीज संकर दर्शविते.

जळगाव जिल्ह्यातील बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन हे वाण कॅव्हेंडिश गटातील असून त्यांचे तिन्ही गुणसूत्रसंच अक्युमिनाटाचे आहेत. सफेद वेलचीत दोन्ही जातींचा एकेक संच असतो. मात्र बसराई आणि ग्रँड नैन यांना वेगळे करण्यास ही गुणपत्रिका पुरत नाही, कारण दोघांचे गुण जवळजवळ सारखेच येतात. तेथे झाडाची उंची, घडाची ठेवण आणि आवश्यकतेनुसार प्रयोगशाळेतील चाचणी यांचा आधार घ्यावा लागतो. रोप लहान असताना हा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणून रोपाचे नाव विश्वासावर घेणाऱ्या शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम त्या नावावर अवलंबून असतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीसाठी ही बाब लहान नाही. कोणती पद्धत काय सांगू शकते आणि कोठे थांबते, याची जाण असणे हाही शास्त्रीय शिस्तीचाच भाग होय.

नमुना, ग्रंथ आणि तुलना

खान्देशातील वनस्पतींची नोंद घेण्याची परंपरा जुनी आहे. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात खान्देशचाही समावेश होता. पुढे डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांवरील ग्रंथ २००३ मध्ये, तर एस. आर. क्षीरसागर व डी. ए. पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांत दोन-दोन पर्यायांची ओळखतालिका असते. पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, अशा प्रश्नांची उत्तरे देत वाचक एका जातीपर्यंत पोहोचतो. नावे काळानुसार बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. जुन्या ग्रंथांत 'कॅसिया टोरा' म्हणून आढळणारा टाकळा आता 'सेना टोरा' या नावाने ओळखला जातो. बहावा मात्र 'कॅसिया' प्रजातीतच राहिला आहे.

ओळखीचा अखेरचा आधार म्हणजे वाळवून, दाबून कागदावर चिकटविलेला नमुना. त्यावर ठिकाण, तारीख, अधिवास आणि संकलकाचे नाव नोंदविलेले असते. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात असे नमुने जतन केलेले आहेत. पन्नास वर्षांनंतरही कोणी तो नमुना काढून पूर्वीचे नाव तपासू शकतो आणि चूक असल्यास दुरुस्त करू शकतो.

हौशी निरीक्षकाने काय करावे?

प्रत्येकाने नमुना गोळा करावा, असा याचा अर्थ नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय वनस्पती तोडणे बेकायदा आहे. परंतु छायाचित्रे उपयुक्त ठरतील अशी घेता येतात. संपूर्ण झाड, फांदीवरील पानांची मांडणी, पानाची मागील बाजू, फूल समोरून व बाजूने, फळ असल्यास फळ आणि शेजारी मोजपट्टी इतके टिपले, तर तज्ज्ञाला तुलना करता येते. सोबत दिनांक, गाव, जमिनीचा प्रकार, चीक वा वास यांची नोंद असावी. औषधासाठी उपटल्या जाणाऱ्या सफेद मुसळीसारख्या वनस्पतीचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये.

मोबाइलमधील ॲप छायाचित्राची तुलना आपल्याकडील संग्रहाशी करून शक्यता सुचवते. ती शोधाची सुरुवात मानावी. नाव सांगणाऱ्यानेही 'हे अमुक आहे' एवढ्यावर न थांबता कोणत्या लक्षणावरून आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे सांगितले, ते नमूद करावे. दहा जणांनी होकार दिल्याने चुकीचे नाव बरोबर ठरत नाही. पुरावा अपुरा असेल, तर प्रजातीपर्यंतच नाव द्यावे आणि जातीसाठी फूल वा फळ येईपर्यंत थांबावे. सातपुड्यातील पुष्कळ वनस्पतींना त्यासाठी पुढच्या श्रावणाची वाट पाहावी लागते.