कृत्रिम श्वसन, अतिदक्षता वैद्यकातील

कृत्रिम श्वसन : नैसर्गिक श्वसन बंद पडले किंवा अपुरे ठरले असता बाह्य साधनांनी फुप्फुसांतील वायुविनिमय चालू ठेवण्याच्या क्रियेस कृत्रिम श्वसन म्हणतात. श्वासमार्ग मोकळा ठेवणे ही त्याची पहिली अट होय.

आंद्रेआस व्हेसेलियस यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीरविषयक ग्रंथात प्राण्याच्या श्वासनालात बोरूची नळी बसवून तीतून हवा फुंकल्यास फुप्फुसे फुगतात, असे नमूद केले. १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या स्वरयंत्रात तोंडावाटे नळी घालण्याची पद्धत रूढ केली. १९२८ मध्ये बॉस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी ‘लोह फुप्फुस’ हे यंत्र तयार केले. यात डोके बाहेर ठेवून रुग्णाचे उरलेले शरीर हवाबंद टाकीत ठेवीत. टाकीतील दाब कमी केला की छाती फुगून हवा आत ओढली जाई. मात्र गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाच्या श्वासमार्गात स्राव साचत. त्यांवर या यंत्राचा इलाज चालत नसे.

ही उणीव १९५२ मधील कोपनहेगनच्या बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथीत प्रकर्षाने जाणवली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात काही महिन्यांत सुमारे २,७०० रुग्ण आले व त्यांपैकी ३०० हून अधिक जणांना श्वसनासाठी उपचार करावे लागले. रुग्णालयात टाकीचे एक व छातीवर बसविण्याची सहा यंत्रे होती. आरंभीच्या अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रमुख वैद्य एच. सी. ए. लासेन यांनी शुद्धिहरणतज्ञ ब्यर्न इब्सेन यांना पाचारण केले. रुग्णांच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे एकूण प्रमाण वाढलेले आढळे व ते रक्त क्षारीय झाल्याचे लक्षण मानले जाई. इब्सेन यांनी ते अपुऱ्या श्वसनामुळे वायू साचल्याचे चिन्ह ठरविले. पुढे पॉउल आस्ट्रुप यांच्या मापनांनी त्यास पुष्टी मिळाली.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी एका १२ वर्षांच्या अत्यवस्थ मुलीच्या श्वासनालास छेद देऊन नळी बसविण्यात आली. प्रथम तिच्या विरोधामुळे हवा आत जाईना. तिला गुंगीचे औषध दिल्यावर रबरी पिशवी हाताने दाबून श्वसन साधता आले व ती वाचली. पुरेशी यंत्रे नसल्याने सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा उपचारावर होते. सुमारे ८७ टक्के असलेले मृत्युप्रमाण निम्म्याहून खाली आले.

या अनुभवातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या : फुप्फुसांत दाबाने हवा भरणारी यंत्रे प्रचारात आली आणि अशा रुग्णांना एकत्र ठेवून अहोरात्र देखरेख करण्याची गरज पटली. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू केला.

दाबाने भरलेली हवा फुप्फुसांस इजाही करू शकते. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वासागणिक शरीरभाराच्या दर किग्रॅ.मागे १२ मिलि.ऐवजी ६ मिलि. हवा दिल्यास मृत्युप्रमाण ३९·८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, असे आढळले. या चाचणीत शरीरभार प्रत्यक्ष वजनावरून न घेता उंचीवरून काढलेला होता. तेव्हापासून श्वसन पुरेसे, परंतु बेताचे ठेवण्याकडे कल आहे.